शेवाळी आणि मातकट

सुभाष घडशीला कुणी वेडा म्हटलं तर राग यायचा नाही. हौशी म्हटलं की यायचा. "हौस गरबा खेळणाऱ्याला असते," तो म्हणायचा, "आमचं काम आहे." आता काम म्हणजे काय, तर भाईंदरला गोडदेवमधल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये बसून प्लॅस्टिकची लढाऊ विमानं आणि हेलिकॉप्टरं जोडायची, रंगवायची आणि नायलॉनच्या दोऱ्याने छताला टांगायची. खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याची. त्या घरात पंखा कधी एकच्या पुढे गेला नाही. दोनवर केला की चेतक हेलिकॉप्टर जाऊन मिग विमानाला धडकायचं. "शत्रूला जमलं नाही ते आमच्या पंख्याने करून दाखवलं," असं त्याची बायको सुचेता आल्यागेल्याला सांगायची. हसत सांगायची, पण मे महिन्यात पदराने वारा घेत बसायची तीच.

सुभाष भाईंदरच्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. स्टोअरमधला माणूस म्हणजे लेबलांचा माणूस. ज्यावर चिठ्ठी नाही ती वस्तू त्याच्या लेखी बेवारशी. घरीही तोच खाक्या. हळदीच्या डब्यावर 'हळद'. काचेच्या बरणीत साखर लख्ख दिसतेय, तरी तिच्यावर 'साखर'. "मलाही चिकटवा एक," सुचेता म्हणायची, "नाहीतर एखाद्या दिवशी विसराल कोण ती."

बाजारातल्या तयार रंगांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. फोटो समोर ठेवून, थेंब थेंब मिसळून तो स्वतः रंग तयार करायचा आणि घरात ज्या रिकाम्या होतील त्या बाटल्यांत भरायचा. बामच्या, शाईच्या, लोणच्याच्या छोट्या बरण्या. आणि प्रत्येकीवर, अर्थातच, लेबल. शेवाळी. मातकट. काळपट हिरवा. विटकरी. करडा. अक्षर असं की छापल्यासारखं.

त्यांचा एकुलता एक दिपेश या बाटल्यांतच वाढला. दुसरीत असताना त्याच्या हातात पहिल्यांदा ब्रश आला आणि मग तो सुटला नाही. विमानाच्या नकाशावर सुभाषने लिहिलेलं असायचं, इथे शेवाळी, इथे मातकट. पोरगं वाचायचं, तशी बाटली उचलायचं आणि रेघेबाहेर एक थेंब न जाऊ देता रंगवायचं. विमानाच्या पंखांच्या टोकांना दिवे असतात, डावा लाल आणि उजवा हिरवा, हे तर त्याला पाढ्यासारखं पाठ. चुकायचा म्हणून नाही. "आमचा दिप्या डोळे मिटून रंगवतो," सुभाष कारखान्यात छाती फुगवून सांगायचा. काय बोलून गेला होता बिचारा, त्याचं त्याला तरी कुठे ठाऊक होतं!

दिपेशला व्हायचं होतं पायलट. तेही हेलिकॉप्टरचा. लढाऊ विमानाचा का नाही, असं बापाने एकदा विचारलं. दोघं तेव्हा भाईंदरजवळच्या डोंगरीला, समुद्र दिसतो तिथे चढावर भेळ खात बसले होते. नेव्हीचं एक हेलिकॉप्टर पाण्यावरून चाललं होतं.

"विमान निघून जातं बाबा," दिपेश म्हणाला. "हेलिकॉप्टर थांबतं. पुरात अडकलेल्या माणसाच्या डोक्यावर येऊन थांबतं."

सुभाषने त्या दिवसापासून हे वाक्य इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी शेवटी लोक त्याच्या आधीच ते पुरं करायला लागले. पण हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. पोरगं ग्रॅज्युएट झालं, एअर फोर्सच्या परीक्षेला बसलं आणि पास झालं. मग म्हैसूरला मुलाखतींचा तो कित्येक दिवसांचा घोळ असतो, पळायचं, बोलायचं, भिंतीवरून उड्या मारायच्या. ढिगाने पोरं परत पाठवतात तिथून. दिपेश निवडून आला. सुभाषने बिल्डिंगच्या चारही मजल्यांवर पेढे वाटले, ज्या बाईशी पाण्याच्या टाकीवरून बोलचाल बंद होती तिच्या दारातसुद्धा जाऊन वाटले.

आता राहिली होती फक्त दिल्लीची मेडिकल.

जाण्याआधी क्लासच्या सरांनी बजावलं होतं, कान, दात, डोळे, सगळं इथेच तपासून जा, तिथे जाऊन रडू नका. सुभाष त्याला घेऊन केबिन रोडच्या चष्मेवाल्याकडे गेला. नजर उत्तम निघाली, नंबर नाही, काही नाही. चष्मेवाल्याने खणातून एक पुस्तक काढलं आणि म्हणाला, "रंगांची टेस्टपण करून टाकू?"

सुभाष मोठ्याने हसला. "रंगांची? याची? अहो, हा सहा प्रकारचे हिरवे ओळखतो! तुम्हाला माहिती आहेत का सहा हिरवे?"

दिपेशही हसला. चष्मेवाल्याने खांदे उडवले आणि पुस्तक परत खणात टाकलं. दुसऱ्या कुठल्याही बापाने ती टेस्ट गपगुमान करून घेतली असती.

दिल्लीहून दिपेश परत आला तेव्हा सुचेता कपडे वाळत घालत होती. त्याने बॅग दारातच ठेवली आणि बूट न काढता खुर्चीवर बसला. बूट घालून आत आलेलं सुचेताला खपत नाही, पण आज तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. आईला चेहऱ्यावरून कळतं, बापाला सांगावं लागतं.

"काय रे? तारीख कधीची देतायत?" सुभाष म्हणाला.

"अनफिट आहे मी, बाबा."

"टेम्पररी ना? दात असेल. दात काढून टाकू."

"पर्मनंट. कलर व्हिजन."

यावर सुभाष चक्क हसला. त्याला वाटलं पोरगं थट्टा करतंय. मग दिपेशने जे सांगितलं ते असं. एक पुस्तक असतं, पानापानावर रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांत आकडा लपवलेला. पहिल्या पानावरचा आकडा त्याला दिसला. दुसऱ्या पानावर नुसते ठिपके. तिसऱ्यावर नुसते ठिपके. त्याला वाटलं उजेड कमी आहे. त्यांनी खिडकीपाशी नेलं, दुसऱ्या डॉक्टरलाही बोलावलं. तो डॉक्टर मऊ आवाजात म्हणाला, "बेटा, इसमें तुम्हारी कोई गलती नहीं है," आणि त्याने पुस्तक मिटलं.

"पण बाबा, रात्रभर झोप नव्हती मला. डोळे चुरचुरत होते. तसं पण असेल ना?"

"तसंच आहे!" सुभाष उठून उभा राहिला. "दुसरं काय असणार? अपील असतं ना? करायचं अपील. मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरकडून सर्टिफिकेट आणतो आणि त्यांच्या टेबलावर आपटतो."

पुढचे काही दिवस त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. सोमवारची, अंधेरीच्या एका नामांकित डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मिळवली. केबिन रोडला थिनर आणायला गेला तर हार्डवेअरवाला बंटी म्हणाला, "अंकल, टेन्शन मत लो. वो किताब मोबाइल पे मिलती है. लडका रट्टा मार लेगा, खतम." सुभाषचा पारा चढला. "रट्टा क्यूं मारेगा? खोटा सिक्का आहे का माझा पोरगा?" आणि थिनर न घेताच परत आला.

या सगळ्यात सुचेता मात्र गप्प होती. ती गप्प असली की घरात काहीतरी शिजतंय हे सुभाषला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. रविवारी सकाळी दिपेश आंघोळीला गेला आणि ती नवऱ्यासमोर येऊन बसली.

"अहो, एक सांगू? रागावू नका. आमच्या अण्णांना रातांबे दिसायचे नाहीत."

"काय?"

"रातांबे हो. कोकमाचे. झाडाखाली उभे राहायचे आणि विचारायचे, पिकलेत का गं? झाड नुसतं लालेलाल झालेलं असायचं. आम्ही पोरं हसायचो. ते आपले एकेक फळ दाबून दाबून काढायचे. आई म्हणायची, म्हाताऱ्याला ढोंगं सुचतात." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दिल्लीच्या डॉक्टरने दिपूला विचारलं होतं, आईच्या वडिलांना, भावांना कुणाला असं होतं का. तो म्हणाला, माहीत नाही. मी मोबाइलवर बघितलं. हे आईकडून येतं म्हणे. आईला स्वतःला काही होत नाही. तिच्या वडिलांचं तिच्यातून मुलात उतरतं."

"तुझ्या माहेरच्या रातांब्यांचा आणि एअर फोर्सचा काय संबंध?"

"माझ्यातून गेलंय ते त्याच्यात. मला आतून वाटतंय."

"मग सांग ना त्याला!" सुभाष ओरडला. "सांग, की बाळा, तुझं विमान तुझ्या आईने पाडलं!"

बोलला आणि त्याच क्षणी त्याला जीभ हासडून टाकावीशी वाटली. पण सुटलेला बाण आणि सुटलेला शब्द कुणाच्या बापाला परत आणता आलाय? सुचेताने बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक सोडवलं. आणि मोरीच्या दारात, खांद्यावर टॉवेल टाकून, दिपेश उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

चूक झाली की माणसाने माफी मागावी. सुभाषसारखी माणसं मागत नाहीत, ती स्वतःला बरोबर ठरवायला धावतात. "इकडे ये," तो मुलाला म्हणाला. "बस इथे. उद्याच्या डॉक्टरच्या आधी तुझ्या आईलाच दाखवतो."

त्याने रंगांचा खोका टेबलावर रिकामा केला. ओलं फडकं घेतलं आणि एकेका बाटलीवरचं लेबल भिजवून नखाने खरवडून काढलं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अक्षरातलं. बाटल्यांच्या काचा आतून वाळक्या रंगाने लिंपलेल्या होत्या. त्याने त्या उलटसुलट मांडल्या.

"हं. शेवाळी."

दिपेशने पटकन बामची बाटली उचलली.

"मातकट."

शाईची बाटली.

"विटकरी. काळपट हिरवा. करडा."

एकही चुकला नाही. सुभाषने टेबलावर अशी थाप मारली की छताला टांगलेली हेलिकॉप्टरं हलली. "बघितलंस? बघितलंस, सुचेता? रातांबे म्हणे!"

दिपेशचा चेहरा उजळला. दिल्लीहून आल्यापासून पहिल्यांदा तो नीट हसला. सुचेताला ते हसू बघून किती बरं वाटलं ते तिचं तिलाच माहीत, आणि तरीही ती बोलली. दुसरं कुणी बोललं नसतं.

"बामची शेवाळी. शाईची मातकट. लोणच्याची विटकरी," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं मी पुसतेय त्या बाटल्या. हे मलाही येतं, अहो. डोळे मिटून येतं."

दिपेशने हातातली बाटली खाली ठेवली. तो म्हणाला, "आई, वाट्या आण."

वाट्यांना त्या घरात तोटा नव्हता. कारखान्यातल्या, जरा ओरखडे पडलेल्या, पण सगळ्या एका मापाच्या, एका साच्याच्या. सुचेताने पाच आणून ठेवल्या. दिपेश स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि सुभाषने रंग ओतले. ओतून झाल्यावर त्याने वाट्यांकडे बघितलं आणि त्याला हायसं वाटलं. किती वेगळे होते सगळे! हा शेवाळी, तळ्यातलं पाणी असतं तसा. हा मातकट, शेतातलं ढेकूळच जणू. आंधळ्यालासुद्धा कळेल, कोण चुकणार आहे यात?

"ये रे."

दिपेश येऊन बसला. सगळ्या वाट्यांवरून त्याने एकदा नजर फिरवली, मग परत फिरवली. एक वाटी उचलून तिरपी केली आणि रंग किती घट्ट आहे ते बघितलं. दुसरी नाकाशी नेली. सुभाष हे बघत होता. पोरगं वाटीत रंग सोडून बाकी सगळं शोधत होतं. वास, दाटपणा, काठावर ओघळलेला थेंब. रंग समोर होता आणि त्याच्याकडे ते बघतच नव्हतं.

"शेवाळी," सुभाष म्हणाला.

दिपेशचा हात दोन वाट्यांच्या मध्ये थोडा घुटमळला. मग त्याने एक उचलली आणि बापाच्या पुढ्यात ठेवली. मातकट होता तो.

"हा," तो म्हणाला आणि मान वर करून बघितलं. "बरोबर ना, बाबा?"

दुसरीतलं पोर पहिला पंख रंगवून झाल्यावर असंच बघायचं. सुभाषच्या घशाशी 'हो' येऊन थांबला. एक 'हो'. एवढ्याने उद्यापर्यंत पोरगं सुखात राहिलं असतं. उद्याचं उद्या. बंटी म्हणतो तसं पुस्तक पाठही करून घेता आलं असतं, याच्याइतकं पाठांतर कुणाचं नव्हतं. मग एके दिवशी हा खरंच वर गेला असता, आणि खाली पुराच्या पाण्यात कुणीतरी अडकलेलं असतं, आणि समोरून दुसरं हेलिकॉप्टर येत असतं, त्याच्या एका बाजूला लाल दिवा, एका बाजूला हिरवा. तिथे कोण लेबल लावून ठेवणार होतं?

"नाही, राजा," सुभाष म्हणाला. "तो मातकट आहे."

"परत."

"दिपू..."

"परत बाबा. मी तिकडे तोंड करतो, तुम्ही जागा बदला."

जागा बदलल्या. त्याला बरोबर आलं. परत बदलल्या. चुकलं. परत चुकलं. मग विटकरी मागितला तर त्याने काळपट हिरवा दिला, आणि देतानाच बापाच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं की हाही नाही. तो थांबला. शेवाळी आणि मातकटाच्या वाट्या त्याने एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसला.

"हे दोन तुम्हाला वेगळे दिसतात?"

"हो रे."

"किती वेगळे?"

सुभाषने सुचेताकडे बघितलं. ती तोंडाला पदर लावून रडत होती.

"खूप," तो म्हणाला. "दारातून बघितलं तरी."

दिपेशने मान हलवली. शिकवणीत न समजलेलं गणित कुणी समजावून सांगितल्यावर हलवावी तशी, आज्ञाधारकपणे. "मला वाटायचं सगळ्यांना सारखेच दिसत असतील," तो म्हणाला. "मला वाटायचं म्हणूनच तुम्ही नावं लिहिता."

सुचेता हुंदका देऊन म्हणाली, "माझ्यामुळे रे बाळा. माझ्यामुळे झालं."

"नाही गं आई. तू कुठे काय केलंस?" तो तिच्या हातावर हात ठेवून म्हणाला, आणि सुभाषला लाज वाटली, कारण हे वाक्य मघाशीच त्याने म्हणायला हवं होतं.

"उद्याची वेळ रद्द करा बाबा. अपील नको."

"अरे, बघू तरी. ग्राउंड ड्यूटी असते, तिथे चालत असेल कदाचित..."

"हो. असते." दिपेश वाट्यांकडेच बघत होता. "बाबा, एक विचारू? रागाने नाही विचारत. बाटल्यांवर काही लिहिलेलं नसतं, तर मी दुसरीतच चुकलो असतो ना? हिरव्याच्या जागी काहीतरी भलतंच लावलं असतं. तुम्हाला तेव्हाच कळलं असतं."

"हो," सुभाष म्हणाला.

"मग मी दुसरं काहीतरी व्हायचं ठरवलं असतं."

"हो रे. ठरवलं असतंस."

"लहान होतो. काहीही चाललं असतं मला तेव्हा. डॉक्टर म्हणालो असतो, क्रिकेटर म्हणालो असतो." त्याचा आवाज तोवर अगदी सरळ होता. इथे तो फाटला. "आता काय होऊ मी?"

सुभाषने समोरच्या वाट्या बाजूला सारल्या. तो उठला, टेबलाला वळसा घालून मुलापाशी गेला आणि उभ्याउभ्याच त्याने त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. दिपेश आधी ताठ बसून राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी बापाचा शर्ट घट्ट पकडला, आणि तेवीस वर्षांचा तो घोडा, म्हैसूरच्या भिंतीवरून उड्या मारून आलेला, शाळेच्या पहिल्या दिवशी दाराबाहेर सोडून दिलेल्या पोरासारखा रडला. सुचेता टेबलापलीकडे बसून होती. ती नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा तिच्याकडे.

"सुचेता," तो म्हणाला, "मघाशी मी जे बोललो..."

"राहू द्या आता," ती म्हणाली. "त्याला धरा."